ते दात नव्हेत, ती जबड्याचीच धार

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत गेल्या महिन्यात डंकलिओस्टियस या नामशेष चिलखती माशावर एक पूर्ण पान आले होते. शेजारच्या सातवीतल्या मुलाने ते कापून माझ्याकडे आणले. दातांचे काहीही असले की आमच्या गल्लीतली मुले माझ्याकडे येतात, कारण मी 38 वर्षे मिरजेत कवळ्या बनवल्या. डॉक्टर मी नव्हे. डॉक्टरांनी घेतलेले माप माझ्याकडे यायचे, मी त्याचा प्लास्टरचा साचा ओतायचो, मेणात दात मांडायचो, मग ॲक्रिलिकमध्ये पक्के करायचो. माणसांपेक्षा त्यांचे जबडेच मी जास्त पाहिले आहेत.

पान देखणे होते. पण चित्रातल्या माशाला मगरीसारखे सुटे-सुटे, टोकदार, पांढरेशुभ्र दात काढले होते, वर 18 आणि खाली 16. मी मोजले. त्याखाली लांबी दिली होती 10 मीटर. या माशाला असे दात नव्हते, आणि आजच्या माहितीप्रमाणे तो 10 मीटरचाही नव्हता. चूक कुणाकडूनही होते आणि परदेशी चित्रांतही हेच दात कितीदा काढलेले असतात. तरीही हे पत्र लिहायला बसलो, कारण त्या माशाबद्दल सांगण्यासारखे जे आहे ते सगळे त्याच्या जबड्यात आहे आणि चित्रात नेमका जबडाच चुकला आहे.

2019 साली मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे अमेरिकेत ओहायो राज्यात गेलो होतो. तिथल्या क्लीव्हलँड शहराच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात जावई मला घेऊन गेले. हा मासा ओहायोचा. क्लीव्हलँडच्या परिसरात काळ्या, पापुद्र्या-पापुद्र्यांच्या खडकाचे थर आहेत. सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्याच्या तळचा तो गाळ. 1867 च्या सुमारास जे टेरेल नावाच्या गृहस्थांना ईरी सरोवराच्या काठच्या कड्यात ही हाडे सापडली आणि 1873 साली भूशास्त्रज्ञ न्यूबेरी यांनी माशाचे वर्णन करताना टेरेल यांचे नाव त्याला जोडले. पुढे 1960 च्या दशकात तिथून मोठा महामार्ग जाऊ लागला, तेव्हा संग्रहालयाच्या लोकांनी यंत्रांनी उकरलेल्या खडकातून आणखी पुष्कळ हाडे वाचवली. आज हा ओहायोचा अधिकृत राज्य-जीवाश्म मासा आहे.

त्या कवटीसमोर उभा राहिलो आणि सवयीने आधी दातांची मुळे शोधू लागलो. दात म्हटला की त्याला मूळ हवे, ते हिरडीत किंवा हाडात कुठे बसले आहे ते दिसायला हवे. इथे तसे काहीच नव्हते. खालच्या जबड्याचे हाड पुढे येता येता चपटे होते, टोकाला सुळ्यासारखे वर उठते आणि त्याच्यामागे पाते बनते. वरच्या बाजूलाही तसेच, पुढे सुळा आणि मागे पाते. दात बसवलेलेच नाहीत. हाडालाच धार आहे. जाड हाडाची, दोन्ही बाजूंनी येणारी एक कात्री म्हणा.

धार टिकायची कशी, हा माझा पुढचा प्रश्न होता. दाताला निदान इनॅमलचे कवच असते, हाड त्यामानाने मऊ. उत्तर तिथेच, हाडावर होते. खालचे पाते वरच्या पात्याच्या आतल्या बाजूला घासून जाते आणि त्या घासण्याचे सपाट, गुळगुळीत पट्टे दोन्हीकडे स्पष्ट दिसतात. म्हणजे तोंड मिटताना प्रत्येक वेळी एक पाते दुसऱ्याला धार लावत होते. आमच्या लहानपणी सायकलच्या चाकावर सहाण फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा यायचा. या माशाची सहाण त्याच्या तोंडातच होती. झिजलेले भरून काढायला हाड खालून वाढत राहायचे.

झीज वाचणे हे माझे काम होते, म्हणून यात मला इतका रस. दुरुस्तीला आलेली कवळी हातात घेतली की माणूस कुठल्या बाजूने चावतो, सुपारी खातो का, रात्री दात खातो का, हे मी न विचारता सांगू शकायचो. एका आजींची कवळी 11 वर्षांनी माझ्याकडे परत आली, उजवीकडच्या दाढा जवळजवळ सपाट आणि डावीकडच्या नव्यासारख्या. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली की डाव्या सांध्याकडे एकदा पाहा. आजींचा तो सांधा कित्येक वर्षे दुखत होता, त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. झिजलेली जागा सांगते ते तोंड सांगत नाही. ओहायोच्या त्या पात्यावर 36 कोटी वर्षांपूर्वीची झीज आहे आणि तीही तशीच वाचता येते. मला तिथून हलवेना.

आता जोराबद्दल. 2007 साली फिलिप अँडरसन आणि मार्क वेस्टनीट या दोन अभ्यासकांनी या जबड्याचे गणित मांडले. माशाची मान बिजागरीची होती. डोक्याचे चिलखत आणि खांद्याचे चिलखत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सांधा होता, त्यामुळे खालचा जबडा खाली जाताना डोके मागे वर उचलले जायचे. आपण तोंड उघडतो तेव्हा फक्त खालचा जबडा हलतो आणि आमच्या आर्टिक्युलेटरलाही, म्हणजे वरचा-खालचा साचा बसवून चावण्याची हालचाल तपासायच्या उपकरणालाही, एकच बिजागरी असते. या माशाचे अख्खे डोके दुसऱ्या बिजागरीवर चालायचे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे तोंड उघडायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागायचा. एवढ्या झटक्यात तोंड उघडले की पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. मग पाती मिटायची. पुढच्या सुळ्याच्या टोकाला सुमारे 4,400 न्यूटन आणि मागच्या पात्यावर 5,300 न्यूटनच्या वर जोर निघाला. म्हणजे टोकावर साधारण साडेचारशे किलो वजन ठेवल्यासारखे. धडधाकट माणसाच्या दाढांचा जोर 500 ते 700 न्यूटनच्या आसपास असतो आणि पूर्ण कवळी घातलेल्याचा त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका. एवढा जोर त्याला लागत होता, कारण त्याच्या भोवतालचे कितीतरी जीवही चिलखत घालूनच पोहत होते. डंकलिओस्टियसच्या चिलखतावर दुसऱ्या डंकलिओस्टियसच्या चाव्याच्या खुणाही सापडल्या आहेत.

लांबीचे सांगतो. या माशाचे डोके आणि खांदा एवढाच भाग जाड हाडाचा होता, मागचे शरीर बहुतांशी कूर्चेचे. कूर्चा कुजून जाते, म्हणून सापडते ते डोके आणि शेपटीकडचे सगळे अंदाजाने जोडायचे. पूर्वीचे अंदाज पुष्कळदा तोंडाच्या मापावरून केलेले असत. शार्कचे तोंड एवढे असेल तर शरीर एवढे, मग याचेही तेवढे. पण या घराण्यातल्या माशांची तोंडेच मुळात शरीराच्या मानाने मोठी होती. क्लीव्हलँडच्याच विद्यापीठातले रसेल एंगेलमन यांनी 2023 साली वेगळे माप घेतले, डोळ्याच्या खाचेपासून कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंतचे. माशांमध्ये हे माप शरीराच्या लांबीशी बरेच इमान राखते. त्यावरून नेहमीचा पूर्ण वाढलेला मासा सुमारे 3.4 मीटर आणि सर्वांत मोठा 4.1 मीटरच्या आसपास निघाला, अंगाने जाड, कुपा (ट्यूना) माशासारखा आखूड-भरदार. मुलांना 10 मीटर ऐकायला आवडते हे मला कळते. पण शेजारच्या त्या मुलाला मी ओट्यावर खडूने साडेतीन मीटरची रेघ मारून दाखवली आणि तेवढ्या माशाचा जबडा केवढा ते हातांनी दाखवले. त्याला तो मासा मुळीच लहान वाटला नाही.

पानावर सगळ्या चिलखती माशांना 'शिकारी' म्हटले होते, तेही जबडा पाहिल्यावर म्हणता येत नाही. टायटॅनिक्थिस हा याच काळातला दुसरा प्रचंड मासा. त्याचा खालचा जबडा लांब आणि सडपातळ आहे, त्याला धार नाही, सुळा नाही, घासल्याचे पट्टे नाहीत. 2020 साली ब्रिस्टल आणि झुरिक विद्यापीठांच्या अभ्यासकांनी मोरोक्कोत सापडलेल्या जबड्यावर संगणकात ताण देऊन पाहिला, जसा पुलाच्या तुळईवर इंजिनिअर देतात. डंकलिओस्टियसच्या मानाने तो फारच लवकर दबतो. चावणाऱ्याला असा जबडा परवडत नाही. आजच्या बास्किंग शार्कच्या जबड्याशी ताडून पाहिल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की हा मासा तोंड उघडे ठेवून पोहायचा आणि बारीक जीव गाळून खायचा. आपल्या कोकण किनाऱ्यावर कधीकधी जाळ्यात सापडणारा व्हेल शार्क असाच गाळून खाणारा आहे.

मग या घराण्यात खरे दात कुणालाच नव्हते का? इथे अभ्यासकांमध्ये वाद आहे आणि वाद आहे असेच मुलांना सांगावे. पश्चिम ऑस्ट्रेलियात गोगो नावाच्या ठिकाणी सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळबेटाचा चुनखडक आहे. त्यातले मासे चुन्याच्या गोळ्यांत बंद झालेले सापडतात. ते गोळे सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लात, ठेवतात. दगड हळूहळू विरघळतो, हाड तसेच उरते. दगडी साच्यातून वस्तू सोडवण्याची ही रीत वाचली तेव्हा साचा फोडताना आपण किती कवळ्यांना चरे पाडले ते आठवले. तिथल्या कंपॅगोपिसिस नावाच्या माशाचे जबडे मार्टिन रुकलिन, फिलिप डोनाह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या सिंक्रोट्रॉन नावाच्या प्रचंड यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांखाली न कापता आतून पाहिले आणि 2012 साली सांगितले की यात डेंटिनचे (आपल्या दातात इनॅमलखाली असतो त्याच पदार्थाचे), आत पोकळी असलेले दात आहेत, एकामागे एक वाढत गेलेले. सगळ्यांना ते पटले नाही. पण 2020 साली व्हॅलेरिया वास्कानिनोवा यांच्या गटाने प्राग शहराच्या परिसरातले याहून जुने, 40 कोटी वर्षांच्या पलीकडचे चिलखती मासे तसेच तपासले. त्यांच्या जबड्याच्या कडेला खरेच दात होते आणि नवे दात आतल्या बाजूने, जिभेकडून, जोडले जात होते. आपलेही पुढचे पक्के दात दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूनेच येतात. आया घाबरून लहान मुलांना दवाखान्यात आणतात, 'डॉक्टर, आत दुसरी ओळ आली!', ते याचमुळे.

क्ष-किरणांच्या आधीही लोकांनी हे काम केले आहे. स्टॉकहोमचे एरिक स्टेन्शो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्राचीन माशांच्या कवट्या थराथराने घासून टाकत. प्रत्येक थराचे चित्र काढायचे, त्या चित्राबरहुकूम मेणाची चकती कापायची आणि चकत्या एकावर एक रचून आतल्या पोकळ्यांसकट कवटी मेणात पुन्हा उभी करायची. मूळ नमुना त्यात नष्ट होत असे. मी आयुष्यभर मेणावर काम केले आहे. एक चकती चुकली तर पुढचे सगळे तिरके जाते. त्या माणसाच्या हाताला माझा नमस्कार.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितो आहे ते. आमच्या लॅबमध्ये दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेल्या बाळांची मापे यायची. अशा बाळाला दूध ओढता येत नाही, नाकातून बाहेर येते. शस्त्रक्रिया होईपर्यंत टाळूला बसणारी पातळ प्लेट लागते. ती मी करायचो. आठवड्या-दोन आठवड्यांच्या बाळाचा साचा, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा. शंभराहून अधिक केल्या असतील, पैसे कधी घेतले नाहीत. त्या साच्यांत हिरडीतली भेग बहुतेकदा एकाच ठिकाणी दिसायची, पुढच्या चार दातांची जागा संपून सुळ्याची जागा सुरू होते तिथे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे. एका डॉक्टरांनी मला समजावले होते की वरचा जबडा एकसंध दिसला तरी तो मुळात वेगवेगळ्या हाडांचा आहे. पुढचे चार दात धरणारे हाड वेगळे, मागचे वेगळे. जन्माआधी आणि लहानपणी ती सांधतात. सांधली नाहीत तर तिथे भेग राहते. मला वाटायचे, हा देवाच्या कामातला सांधा.

2013 साली चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या चूजिंगजवळ सापडलेल्या एका माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. झू मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एन्टेलोग्नॅथस असे नाव दिले. सुमारे 42 कोटी वर्षे जुना, लांबी वीतभर, अंगावर चिलखती माशाचेच कवच. पण तोंडाला डंकलिओस्टियससारखी नुसती पाती नाहीत. वर पुढचे हाड वेगळे, त्याच्या मागचे वेगळे, आणि खालच्या जबड्याला बाहेरून मढवणारे हाड. आपल्या चेहऱ्यातल्या जबड्याची जी हाडे, तीच ही. तोपर्यंत पुष्कळांची समजूत होती की अशी हाडे पुढे हाडांच्या माशांमध्ये नव्याने आली आणि चिलखती माशांच्या जबड्याचा आपल्याशी संबंध नाही, ती शाखा खुंटली. 2016 साली त्याच भागातून चिलिन्यू नावाचा दुसरा मासा आला. त्याची जबड्याची हाडे पात्यांच्या आणि आपल्या हाडांच्या मधली निघाली, आणि पाती व आपली हाडे मुळात एकच असावीत हे म्हणणे आणखी भक्कम झाले.

मुलीने फोनवरून मला हे वाचून आणि मराठीत सांगून समजावले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी उठून कपाट उघडले. निवृत्त होताना मी त्या बाळांच्या साच्यांतले चार साचे जपून आणले होते, नावे पुसून. त्यातला एक हातात घेतला आणि भेगेवरून नख फिरवले. ज्या सांध्याशी मी इतकी वर्षे काम केले तो सांधा वीतभर लांबीच्या एका माशाच्या तोंडात आधीपासून होता. सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. तो थंड होऊन इथे बसला त्याच्या कितीतरी आधी ते चिलखती मासे संपलेही होते, सुमारे 35 कोटी 90 लाख वर्षांपूर्वी. जबडा मात्र राहिला, बदलत बदलत आमच्या टेबलावर आला.

म्हणून विनंती अशी. पुरवणीत एक दुरुस्ती छापावी, कोपऱ्यात दोन ओळींची नको, त्याच जागी आणि चित्रासकट. दात काढून टाकावेत आणि पाती काढावीत. लांबी 3.4 मीटर द्यावी आणि ती कशी मोजली तेही द्यावे, मुलांना मोजायला आवडते. एन्टेलोग्नॅथसला निदान हाताच्या तळव्याएवढी जागा मिळावी. आणि मुलांना सांगावे की आरशासमोर उभे राहून वरच्या ओठाआड, सुळ्याच्या पुढे, हिरडीवर बोट ठेवा.

चित्रकाराला अडचण येऊ नये म्हणून मी डंकलिओस्टियसच्या वरच्या आणि खालच्या पात्यांचा एक संच मेणात कोरून डेंटल स्टोनमध्ये, म्हणजे दातांच्या साच्यांच्या कडक प्लास्टरमध्ये, ओतला आहे, मूळ मापाच्या एक तृतीयांश, मुलीने संग्रहालयात पट्टी शेजारी धरून काढलेल्या फोटोंवरून. दोन्ही पाती एकमेकांवर सरकवून पाहता येतात, घासण्याचे पट्टे पेन्सिलीने छायांकित केले आहेत. इथल्या शाळेत मुलांनी तो हाताळून हाताळून एका सुळ्याचे टोक उडवले, ते मी परवाच जोडले. चित्रकारांनी मिरजेस यावे, चहाला बसू. येणे जमत नसेल तर पत्ता कळवावा, खोक्यात कापूस भरून एस.टी. पार्सलने पाठवतो. काम झाल्यावर परत पाठवला तर बरे, मुले रोज विचारतात.

आपला,
एक निवृत्त कवळी-कारागीर
मिरज, जि. सांगली